अंकांचे व्याकरण : इंटरनेट टेलिफोनच्या अडॅप्टरमधील नियमरचना

सदाशिव पेठेतील एखाद्या घरचा जुना टेलिफोन अडॅप्टरच्या साहाय्याने इंटरनेटला जोडला, म्हणजे एक प्रश्न उपस्थित होतो. फिरविलेला क्रमांक पुरा झाला, हे यंत्राने कशावरून ओळखावे? मोबाइलवर आपण शेवटी वेगळी कळ दाबतो. साध्या टेलिफोनवर अंकांच्या ओघातूनच समाप्ती ओळखावी लागते. यासाठी अडॅप्टरमध्ये जी नियमावली भरतात तिला ‘डायल प्लॅन’ म्हणतात. क्लीनी याने १९५६ साली विवेचिलेल्या नियमित भाषांच्या वर्गात ती मोडते. क्रम, पर्याय आणि पुनरावृत्ती एवढ्यांवर तिचे काम भागते.

पुण्यातील स्थानिक क्रमांक आठ अंकी असतो. सेवादात्यास पूर्ण क्रमांक लागत असल्यास अध्याहृत राहिलेले ०२० नियमानेच जोडता येते. आरंभी एक शून्य आल्यास पुढे दहा अंकांची अपेक्षा करावी. मोबाइललाही हाच नियम लागू पडतो. कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य लावणे आवश्यक झाले आहे. पुण्यात सहाने आरंभ होणारे स्थानिक क्रमांक आहेत, तसेच मोबाइलही आहेत. शून्याविना त्यांतील भेद आठव्या अंकापर्यंत कळत नाही. दोन शून्यांनी सुरू होणाऱ्या परदेशी क्रमांकांची लांबी मात्र अनिश्चित. तेथे काही सेकंद थांबणे किंवा शेवटी हॅशची कळ दाबणे, हेच उपाय उरतात.

खरी अडचण लहान क्रमांकांची आहे. ‘एक आणि त्यापुढे कोणतेही दोन अंक आले की तत्काळ जोडावे’ असा सुटसुटीत नियम केला, तर १००, १०१, १०८ व ११२ हे क्रमांक लागतील. परंतु बालकांच्या मदतीसाठी असलेला १०९८ कधीच लागणार नाही. यंत्र १०९ पाशीच थांबेल. आठ हा अंक दाबला जाईल, पण तो ऐकण्यास कोणी उरलेले नसेल. उलट, या भीतीने सर्वत्र प्रतीक्षा ठेवली, तर ११२ लावणाऱ्यास निष्कारण खोळंबावे लागेल. म्हणून येथे सामान्य नियम न करता एकेक क्रमांक स्वतंत्रपणे नोंदवावा. ज्या क्रमांकाचा दुसऱ्या कोणत्याही क्रमांकाच्या आरंभाशी संघर्ष नाही, तो विनाविलंब जोडता येतो. प्रतीक्षा केवळ संदिग्ध स्थळीच ठेवावी.

तात्पर्य, नियम जितका व्यापक, तितकी त्याने गिळलेल्या रूपांची तपासणी अधिक कसोशीने केली पाहिजे. नियमावली लिहिल्यावर प्रत्येक क्रमांक अंकागणिक कागदावर चालवून पाहावा. आपत्कालीन क्रमांकांची परीक्षा मात्र खरा फोन लावून करू नये. ते आपल्या जोडणीवरून लागतात किंवा कसे, हे सेवादात्याकडून समजून घ्यावे. वीज किंवा इंटरनेट बंद पडल्यास हा टेलिफोनही मुका होतो, हे ध्यानी ठेवून घरात दुसरे साधन असू द्यावे.