झोत कुठे अडतो?

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून आपल्या मुलांना हाताशी घेऊन ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ करत. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि जोडीला निवेदन, संवाद, संगीत. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी आला, त्याच्या चार वर्षे आधी कल्याणच्या पडद्यावर पात्रे हालचाल करू लागली होती. हा खेळ चालवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागे: काच यंत्रात उलटी घालायची. बहिर्गोल भिंग चित्राचे डोके खाली आणि पाय वर करते, त्यामुळे उलटी घातलेली काच पडद्यावर सुलटी दिसते.

त्याच कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीने शहाड ओलांडले की आंबिवली येते. इथल्या नव्या इमारतींच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर, गणेशोत्सवाच्या मंडपात आणि शाळेच्या वर्गात आता प्रोजेक्टर रुळला आहे. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचे चित्र उलटे पडले, की घरातला कोणीतरी यंत्र बिघडल्याचे जाहीर करतो. प्रत्यक्षात मेनूमध्ये ‘सीलिंग’ हा पर्याय निवडला की काम होते. पटवर्धनांनी जे हाताने साधले तेच आता एक चिप करते. प्रोजेक्टरच्या बहुतेक तक्रारी अशाच असतात. बिघाड यंत्रात नसतो, तो दिव्यापासून डोळ्यापर्यंतच्या आणि फोनपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी बसलेला असतो. ती वाट ज्याने समजून घेतली, त्याला दुकानाच्या निम्म्या खेपा वाचतात.

सगळ्यात मोठी तक्रार फिक्या चित्राची. आठ-दहा हजारांत घेतलेल्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘९००० लुमेन्स’ छापलेले असते, आणि हॉलची ट्यूब लावली की खेळाडूंचे चेहरे दिसेनासे होतात. लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. ते नीट मोजायचे तर पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येक ठिकाणचा प्रकाश मोजतात आणि सरासरी काढतात. त्याला ‘अ‍ॅन्सी लुमेन’ म्हणतात. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावरचा आकडा बहुधा या पद्धतीचा नसतो. या मापाने त्यांचा प्रकाश काहीशे लुमेनच भरतो.

समजा तो ३०० अ‍ॅन्सी लुमेन आहे. शंभर इंची पडद्याचे क्षेत्रफळ साधारण पावणेतीन चौरस मीटर असते, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ११० लुमेन, अर्थात ११० लक्स. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेडही भिंतीवर साधारण एवढाच, कधी याच्या दुप्पट पडतो. आता तेच चित्र साठ इंचांवर आणा. क्षेत्रफळ एक चौरस मीटर होते आणि उजेड ३०० लक्सवर जातो. नवा पैसा न घालता चित्र जवळपास पावणेतीन पट उजळ झाले. आंबिवलीच्या दहा-बारा फुटी हॉलमध्ये शंभर इंचांचा हट्ट सोडणे हाच पुष्कळदा सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो.

यामागे आणखी एक बाब आहे, तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. काळा म्हणजे जिथे प्रकाश टाकला नाही ती जागा, आणि ती जागा खोलीतल्या उजेडात जितकी काळी दिसेल तितकाच चित्रातला काळा काळा. म्हणूनच जाड पडदे लावण्याने आणि समोरच्या भिंतीकडचा बल्ब बंद करण्याने जो फरक पडतो, तो ‘ब्राइटनेस’ वाढवून पडत नाही. ब्राइटनेस वाढवला की काळाही राखाडी होतो आणि चित्र आणखी धुरकट दिसते.

धूसरपणाची कारणे वेगळी. एलईडीच्या छोट्या प्रोजेक्टरचे भिंग बहुधा प्लास्टिकचे असते. ते तापले की किंचित फुगते आणि जमवलेला फोकस पंधरा-वीस मिनिटांत सरकतो. म्हणून यंत्र तापल्यावर फोकस पुन्हा एकदा जुळवावा. पावसाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. उल्हास आणि काळू या नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात जुलै-ऑगस्टची हवा ओलीचिंब असते. एसीच्या खोलीतला थंड प्रोजेक्टर तसाच गच्चीवर नेला तर भिंगावर दव साचते. ते पुसत बसू नये. यंत्र बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावे. एरवी कपाटात ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या सोबत असाव्यात, नाहीतर भिंगावर बुरशीचे जाळे धरते आणि ते साध्या फडक्याने निघत नाही. चित्र तिरके पडते म्हणून ‘कीस्टोन’ ताणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की ती सोय चित्राचे ठिपके खर्ची घालून मिळते. खालच्या टेबलाची उंची बदलणे केव्हाही चांगले.

रंग बिघडला तर मात्र तपास गमतीचा होतो. पहिली पायरी एकच: प्रोजेक्टरचा स्वतःचा मेनू उघडायचा. मेनू स्वच्छ दिसतो आणि सिनेमा भलत्याच रंगात, तर यंत्र निर्दोष आहे. दोष वायरीत किंवा लॅपटॉपात. मेनूही तसाच दिसला तर दोष आत आहे. या एका चाचणीने निम्मे जंगल साफ होते.

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये निळ्या पिनेची जुनी व्हीजीए वायर अजून भेटते. शेजारच्या शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची शाळा शिक्षक संदीप गुंड यांच्या धडपडीतून डिजिटल झाली आणि राज्यभर गाजली. त्यानंतर कितीतरी गावांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतले. व्हीजीएच्या वायरीत लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगळ्या पिनांतून जातात. हिरव्याची पिन वाकली तर लाल आणि निळा उरतात आणि फळ्यावरचा पांढरा कागद जांभळट-गुलाबी होतो. निळा गेला की तोच कागद पिवळा, लाल गेला की आकाशी. म्हणजे पांढऱ्या पानाच्या रंगावरून कोणती पिन तपासायची ते शाळकरी पोरही सांगू शकेल. प्रकाशाच्या मूळ रंगांचा धडा याहून चांगला कुठल्या पुस्तकात मिळणार?

एचडीएमआयचे तसे नाही. तिथे रंग हळूहळू बिघडत नाहीत. वायर लांब झाली, साधारण दहा मीटरच्या पुढे गेली, की चमचमणारे ठिपके येतात, मग चित्र क्षणभर काळे होते आणि शेवटी ‘नो सिग्नल’. मंडपात प्रोजेक्टर मागे आणि लॅपटॉप स्टेजवर असतो, तिथे हे हमखास घडते. लॅपटॉपच प्रोजेक्टरजवळ न्यावा आणि लांबची वायर आवाजासाठी वापरावी. आणि फोनवरचा एखादा ओटीटी सिनेमा पडद्यावर टाकताना आवाज येतो पण चित्र काळे राहते, तेव्हा काहीच बिघडलेले नसते. नक्कल रोखण्यासाठी अ‍ॅपनेच चित्र अडवलेले असते.

आतल्या दोषांची खूण यंत्राच्या प्रकारावरून पटते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेल्या आरशांच्या चिपवर डीएलपी प्रोजेक्टर चालतात. फुल एचडी चित्रासाठी अशा चिपवर २० लाखांहून अधिक आरसे असू शकतात, प्रत्येक केसाच्या जाडीहून लहान, सेकंदात हजारो वेळा कलणारा. त्यातले काही अडकले की पडद्यावर पांढरे ठिपके चमकत राहतात. ते पुसून जात नाहीत, चिपच बदलावी लागते. एलसीडी प्रोजेक्टरमध्ये कोपऱ्यात पिवळा किंवा निळसर डाग पसरला तर आतला ध्रुवक (पोलरायझर) उष्णतेने जळलेला असतो. गोलसर, अस्पष्ट डाग फोकस फिरवताना ठळक होत असेल, तर ती निव्वळ धूळ. फिल्टर वेळेवर साफ केला असता तर ती आत शिरलीच नसती.

दिव्याच्या प्रोजेक्टरवाल्यांना लाईट जाण्याची धास्ती असते आणि ती योग्यच आहे. पाऱ्याच्या वाफेच्या त्या छोट्या दिव्यात चालू असताना सुमारे २०० वातावरणांइतका दाब असतो. वीज गेली की पंखाही थांबतो आणि उष्णता आतच कोंडते. वीज येताच बटण दाबले तर दिवा पेटत नाही, कारण दाब उतरल्याशिवाय त्यात ठिणगी पडत नाही. रस्त्यावरचे पाऱ्याचे जुने दिवेही वीज आल्यावर काही मिनिटे अंधारात राहत, ते याचमुळे. थांबणे हाच उपाय. छोटा यूपीएस जोडला तर पंख्याला दिवा थंड करण्यापुरता वेळ मिळतो.

आवाजाच्या तक्रारींकडे लोक कमी गांभीर्याने पाहतात, खरे तर विज्ञान तिथेच जास्त आहे. सिनेमातले संगीत ऐकू येते पण संवाद गायब, असा विचित्र प्रकार पुष्कळांनी अनुभवला असेल. दोष असतो अर्धवट बसलेल्या किंवा तुटलेल्या साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये. त्या पिनेवर डावा, उजवा आणि सामाईक असे तीन भाग असतात. सामाईक भाग सुटला की स्पीकरला डाव्या-उजव्यातला फरक तेवढा मिळतो. संवाद दोन्हीकडे सारखेच ध्वनिमुद्रित केलेले असतात, त्यामुळे त्यांची वजाबाकी शून्य येते. वाद्ये दोन्हीकडे वेगवेगळी, म्हणून ती उरतात. पिन आतपर्यंत दाबली की पात्रे बोलू लागतात.

‘हूंऽऽ’ असा सतत घुमणारा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घुमणे थांबले तर अर्थिंगचे कडे तयार झाले आहे, म्हणजे लॅपटॉप एका बोर्डातून आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डातून वीज घेतो आणि दोन अर्थिंगांमधला फरक ५० हर्ट्झच्या सुरात वाजतो. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. काही जण अर्थची पिन तोडून मोकळे होतात. पावसाळी मंडपात ते जिवावर बेतू शकते, म्हणून ते कधीच करू नये.

ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, ही ब्लूटूथ स्पीकरची ठरलेली तक्रार. आवाज दाबून, पाठवून, पुन्हा उलगडण्यात साधारण एक-दोन दशांश सेकंद जातात. आवाज चित्राच्या मागे १२५ मिलिसेकंदांपर्यंत राहिला तर माणसाला सहसा जाणवत नाही. पुढे मात्र ४५ मिलिसेकंद गेला तरी खटकतो. निसर्गात आवाज नेहमी प्रकाशामागूनच पोचतो, याची मेंदूला सवय आहे. मैदानात दूरच्या ताशेवाल्याची काडी पडलेली आधी दिसते आणि ठोका नंतर येतो. आवाजाला एक मीटर कापायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. म्हणून मोठ्या मैदानात शेवटच्या रांगेला मागे वेगळा स्पीकर लावतात, तो मुद्दाम उशिराने वाजवावा लागतो. घरात साधी वायर जोडली की प्रश्न मिटतो. एखाद्याच सिनेमाला आवाज नसेल तर ध्वनीची निवड ‘डॉल्बी’वरून ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’वर आणावी.

रिमोट चालेना, की पहिला संशय सेलवर, आणि तो बहुधा खरा ठरतो. पण खात्री करता येते. रिमोटच्या टोकाचा दिवा साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकतो. तो डोळ्याला दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो. पुढचा कॅमेरा घ्यावा, कारण मागच्यावर बहुधा हा प्रकाश अडवणारी काच असते. बटण दाबल्यावर जांभळट चमक दिसली तर रिमोट जिवंत आहे. हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि यंत्रातला ग्राहक तेवढाच लुकलुकाट ओळखतो, म्हणून साध्या बल्बने तो फसत नाही. मंडपातल्या स्वस्त एलईडी माळा किंवा इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबा मात्र जवळपास त्याच गतीने लुकलुकू शकतात आणि त्याला गोंधळात टाकतात. माळ बंद करून पाहावी. ग्राहक यंत्राच्या पुढच्या बाजूला आणि माणूस मागे बसलेला असेल, तर रिमोट सरळ पडद्याकडे रोखावा. पांढऱ्या पडद्यावरून तो किरण परतून यंत्रात शिरतो. सेलच्या कप्प्यात पांढरी पूड दिसली तर ती अल्कलाइन सेलमधून पाझरलेली असते. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने ती पुसून कप्पा कोरडा करावा, आणि नवा सेल जुन्याच्या जोडीला कधी घालू नये.

हे सारे घरी करण्याजोगे आहे. लेझरच्या प्रोजेक्टरचे झाकण उघडणे आणि चालू झोतात डोळा घालणे मात्र नाही. पाऱ्याचा दिवा फुटल्याचा फट्ट आवाज आला तर प्लग काढून खिडक्या उघडाव्यात, मुलांना घेऊन खोलीबाहेर पडावे आणि अर्ध्या तासाने परतावे. तुकडे झाडूने लोटू नयेत. जाड कागदाने उचलून झाकणाच्या डब्यात भरावेत आणि घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन द्यावेत.