गाळ बसला की निम्मं काम झालं

पाणी शुद्धीकरण म्हटलं की लोकांना क्लोरीन आठवतो. नळाला वास आला की ‘आज पावडर जास्त पडली वाटतं’ म्हणून आपण मोकळे होतो. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाचा जीव तुरटीत आहे. केंद्र कुठलंही असो, फिल्टर हाऊस भराभर उरकायचं आणि प्रयोगशाळेत जार टेस्ट बघत बसायचं, ही माझी जुनी खोड.

आषाढात कोल्हापूरच्या पंचगंगेला लाल पाणी येतं. त्यातले चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की बादली हलवलीच नाही तरी ते दिवसच्या दिवस तरंगत राहतात. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार, त्यामुळे ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मारतं, शिवाय पाण्यात स्वतःचे चिकट पुंजके तयार करतं. कण त्यात अडकतात, पुंजका जड होतो आणि तळाशी जातो. (ही तुरटी म्हणजे सलूनमधला पारदर्शक खडा नव्हे. इथे ॲल्युमिनियम सल्फेटच्या मळकट लाद्या येतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी द्रवरूप पॉलिॲल्युमिनियम क्लोराईड, म्हणजे पीएसी, वापरतात, पण काम तेच.) पाणी निवळण्यासाठी निवळीच्या बिया वापराव्यात, असं सुश्रुतसंहितेतही आहे.

तुरटी किती घालायची, हे मात्र नदी ठरवते, आणि ती रोज वेगळं सांगते. म्हणून जार टेस्ट: सहा काचपात्रं ओळीने मांडतात. प्रत्येकात लिटरभर नदीचं पाणी आणि तुरटीचा चढता डोस: २० मिलिग्रॅम, ३०, ४० असा. वरून सहा पाती एकदम फिरतात, आधी मिनिटभर जोरात, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी संथ. सुरुवातीला काहीच घडत नाही. मग एखाद्या पात्रात बारीक कणी दिसते, तिची साय होते, सायीचे पुंजके. पाती थांबली की ते खाली बसू लागतात. कृष्णाकाठच्या एका केंद्रातले केमिस्ट पाती फिरत असतानाच बोट ठेवायचे, “चौथा.” अर्ध्या तासाने गढूळपणा मोजला की बहुधा चौथाच निघायचा. डोस कमी पडला तर गाळ बसत नाही, आणि बेसुमार झाला तर कणांवर उलटा भार चढून ते पुन्हा फटकून राहू शकतात. पावसाळ्यात पाण्याची क्षारता घटलेली असते, तेव्हा चुनाही घालावा लागतो.

गंमत म्हणजे लाल पाणी त्यामानाने सोपं. खरा छळ माघातलं नितळ, गार पाणी करतं. कणच थोडे, त्यांची एकमेकांशी गाठच पडत नाही.

बाकीचं थोडक्यात. क्लॅरिफ्लोक्युलेटरमध्ये दोन-तीन तास गाळ बसतो, उरलासुरला सुमारे पाऊण मीटर वाळूच्या थरात अडकतो, थर तुंबला की खालून उलटं पाणी सोडून बॅकवॉश. मग क्लोरीन, त्याला किमान अर्धा तास, आणि शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी तो शिल्लक हवा. वाळूची गाळणी लंडनमध्ये १८२९ साली आली, अमेरिकेत नियमित क्लोरीन १९०८ साली जर्सी सिटीत.

कोल्हापूरकरांना २०१९च्या महापुराने वेगळाच धडा दिला. शहराला पाण्याचा वेढा आणि नळ कोरडे! नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाली, पंप बंद. टँकरपुढे रांगा लागल्या. काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाईपलाईनने पाणी शहराच्या पुईखडी शुद्धीकरण केंद्राला पोहोचलं ते २०२३च्या दिवाळीत. त्यामागचं शहराचं राजकारण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि तो लिहायची माझी छाती नाही.

मला कुतूहल वेगळंच. धरणात गाळ आधीच बराचसा बसलेला असतो. म्हणजे पाणी स्वच्छ, तुरटी कमी, खर्च कमी, हे सगळं खरं. पण माघातलं ते हट्टी पाणी आता वर्षातले कितीतरी महिने केमिस्टच्या वाट्याला येणार.