वेबसाइटचं बिऱ्हाड हलवताना

वेबसाइट नव्या सर्व्हरवर न्यायची तर फायलींची नक्कल करणं हे त्यातलं सोपं काम. खरी मेख डीएनएसमध्ये असते. अमुक डोमेन कोणत्या आयपी पत्त्यावर आहे, याचं उत्तर इंटरनेट कंपन्यांचे सर्व्हर काही काळ साठवून ठेवतात. किती काळ, ते टीटीएल सांगतो; पुष्कळदा तो ८६४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस असतो. पत्ता बदलला तरी तोवर काही लोक जुन्याच सर्व्हरवर जात राहतात. म्हणून एक-दोन दिवस आधीच टीटीएल ३०० सेकंदांवर आणावा. ऐनवेळी कमी करून उपयोग नाही, जुनं उत्तर सगळीकडे पोचलेलं असतं.

दरम्यान आपल्या संगणकातल्या होस्ट्स फाइलमध्ये नवा पत्ता लिहिला, की नवी साइट फक्त आपल्याला दिसते. लॉगिन, फॉर्म, एसएसएल प्रमाणपत्र तेव्हाच तपासावं. ऑनलाइन दुकान असेल तर जुन्या साइटवर ऑर्डरी घेणं थोडा वेळ थांबवून मगच डेटाबेसची शेवटची प्रत आणावी. नाहीतर काही ऑर्डरी इकडे, काही तिकडे. आणि तो घोळ निस्तरणं हा खरा मनस्ताप! ईमेलच्या एमएक्स नोंदीही पाहाव्यात, त्या हमखास विसरल्या जातात.

जुन्या सर्व्हरचं भाडं मात्र आणखी आठवडाभर भरा.