फ्लॅमेबल आणि इनफ्लॅमेबल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्रजी शब्दाला 'इन' हा उपसर्ग लागला की अर्थ उलटतो, या शाळेत पक्क्या झालेल्या समजुतीमुळे 'फ्लॅमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारा आणि 'इनफ्लॅमेबल' म्हणजे पेट न घेणारा पदार्थ, असा अर्थ पुष्कळ जण लावतात. वस्तुतः दोन्ही शब्दांचा अर्थ ज्वालाग्राही असाच आहे.

या गोंधळाचे मूळ लॅटिनमध्ये सापडते. तेथे एकसारखे दिसणारे दोन निराळे उपसर्ग होते : एक नकारवाचक, जो संस्कृतातील 'अन्'चा सगोत्र असून 'इनक्रेडिबल'सारख्या शब्दांत आढळतो, आणि दुसरा 'आत' किंवा 'वर' या अर्थाचा, जो कित्येकदा क्रियेला केवळ जोर देतो. पेटवणे या अर्थाच्या 'इनफ्लामारे' या क्रियापदात हा दुसरा उपसर्ग असून 'इनफ्लॅमेबल' आणि शरीराच्या दाहासाठी वैद्यकात रूढ झालेला 'इनफ्लमेशन' हे दोन्ही शब्द त्याच कुळातले आहेत. 'फ्लॅमेबल' हा आधीचा शब्द, ही समजूतही टिकत नाही, कारण तो एकोणिसाव्या शतकात आला आणि 'इनफ्लॅमेबल' त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीपासून वापरात होता. तरीही चुकीच्या वाचनाने जीव जाऊ शकतो हे ओळखून अमेरिकेतील अग्निसुरक्षा क्षेत्राने 1920च्या दशकात, तर ब्रिटिश मानक संस्थेने 1959मध्ये 'फ्लॅमेबल' आणि 'नॉन-फ्लॅमेबल' या जोडीचा पुरस्कार केला. व्युत्पत्तीच्या अभिमान्यांना हा बदल खटकला असला, तरी तो योग्यच म्हटला पाहिजे.

'इनफ्लॅमेबल' पदार्थ अधिक वेगाने पेटतो, असेही काहींना वाटते. परंतु धोक्याची पातळी शब्दावरून नव्हे, तर 'फ्लॅश पॉइंट'वरून, म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने क्षणभर पेट घेऊ शकते त्यावरून ठरते. भारतीय नियमांत तो 23 अंश सेल्सिअसहून कमी असलेले पेट्रोलसारखे द्रव 'अ' वर्गात, तर 23 ते 65 अंशांदरम्यानचे केरोसीन आणि डिझेल 'ब' वर्गात मोडतात.

भारतात जुना शब्द अद्याप मागे पडलेला नाही. 1952च्या केंद्रीय कायद्याच्या नावातच 'इनफ्लॅमेबल सबस्टन्सेस' असे शब्द आहेत आणि टँकरांच्या पाठीवरही तो सर्रास रंगवलेला असतो. तो दिसेल तेथे काडी ओढू नये.