नाणं घासू नका!

आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया चिंचेने घासून लख्ख करावासा वाटतो ना? थांबा! नाण्याची किंमत दुर्मिळतेइतकीच त्याच्या अवस्थेवर ठरते. १९४९ साली अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. आज पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या तिथल्याच कंपन्या फी घेऊन नाणं तपासतात, तीवर मार्क देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात. न वापरलेलं नाणं ६० पासून सुरू, म्हणजे थेट फर्स्ट क्लास! ६५ आणि ६६ मधला फरक कळायला भिंग लागतं, पण दुर्मिळ नाण्यात तेवढ्याने किंमत कित्येक पट वाढू शकते. घासलेल्या नाण्याला मात्र मार्कच नाहीत, नुसता 'साफ केलेलं' असा शेरा. अर्थात, साध्या नाण्याला ही फीच नाण्यापेक्षा महाग पडते.