पहिला संच आणि काटकसरीची जागा

गेल्या लेखांकात वाऱ्याची दिशा आणि पतंगाचं आकाशातलं स्थान यांचा संबंध आपण पाहिला. त्यानंतर येणारा प्रश्न पैशांचा. गोव्यातल्या मोरजीला किंवा रामेश्वरमला काइटबोर्डिंगचे चार धडे घेतलेल्या माणसाला परतीच्या वाटेवरच स्वतःचा पतंग हवासा वाटू लागतो आणि किमती पाहिल्या की छातीत धस्स होतं. युरोपात पतंग, बार, बोर्ड आणि हार्नेस असा नवा पूर्ण संच साधारण अडीच ते तीन हजार युरोंना पडतो. आपल्याकडे त्यावर वाहतूक आणि आयातशुल्क चढतं, म्हणजे गोष्ट काही लाखांत जाते. एवढे पैसे सहज बाजूला काढता येतील अशी माणसं थोडी. बाकीच्यांना काटकसर करावीच लागणार आणि त्यात कमीपणा काही नाही. माझं म्हणणं एवढंच की ही काटकसर सगळ्या वस्तूंवर सारखी वाटू नये. ऐन पाण्यात ही वस्तू दगा देऊन गेली तर काय होईल, हा प्रश्न प्रत्येक वस्तूपुढे वेगळा विचारावा. बोर्डाला तडा गेला तर एक दिवस फुकट जातो. पतंग सोडायची कळ अडकली तर माणूस फरफटत जातो. या दोन वस्तूंची घासाघीस एकाच मापाने होऊ शकत नाही.

जुन्या मालातली जोखीम समजायची तर पतंगाची ओढ कशी वाढते ते आधी पाहावं लागेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगावरचा जोर चौपट होतो. १२ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटरच्या वाऱ्यात अंगाला सोसेल इतकाच ओढणारा पतंग, झोत १८ नॉटवर गेला की सव्वादोनपट ओढू लागतो. हा जादाचा जोर क्षणात उतरवता येणं, हेच आजच्या पतंगाचं खरं बळ. त्याच्या चार दोऱ्यांपैकी मधल्या दोन थेट अंगावर बांधलेल्या हार्नेसशी जोडलेल्या असतात आणि बाहेरच्या दोन हातातल्या बारच्या टोकांना. बार हाताने पुढे लोटला की बाहेरच्या दोऱ्या सैल पडतात, पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो आणि ओढ उतरते. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रूनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांनी हवा भरून फुगवायच्या पतंगाचं पेटंट १९८४ मध्ये नोंदवलं आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस हवाईतल्या माउई बेटावरून हा खेळ जगभर गेला. पण त्या पिढीतले इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले पतंग बार लोटल्यावर थोडेच नरम पडत. २००५च्या सुमारास धनुष्यासारखे सपाट पसरणारे पतंग बाजारात आले. त्यांच्या पुढच्या कडेला बारीक दोऱ्यांचं जाळं असतं आणि त्यामुळे बार पूर्ण लोटला की जवळजवळ सगळी ओढ निघून जाते. नवशिक्याचा हात घाबरून बार सोडून देतो, आणि नेमक्या त्याच वेळी पतंग शांत व्हायला हवा. म्हणून २००५च्या आधीचा पतंग कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. कापड अगदी नव्यासारखं असलं तरीही नाही.

पहिल्या पिढीतली सगळी माणसं याच पतंगांवर शिकली, मग आताच एवढी भीती कशाला, असं म्हणणारे भेटतात. त्यांचं पहिलं वाक्य खरं आहे. पण त्या पिढीने त्याची किंमत मोडलेल्या हाडांनी मोजली, काहींनी जिवानेही मोजली. पतंगाचा आकार, सुटकेची कळ, कमरेची सेफ्टी लीश या सगळ्या सुधारणा त्या अपघातांतूनच झालेल्या आहेत. त्या लोकांपुढे दुसरा पर्याय नव्हता, आपल्यापुढे आहे. काही निष्णात खेळाडू आजही उड्या आणि कसरतींसाठी सी आकाराचे पतंग आवडीने वापरतात हेही खरं, पण त्यावरून पहिल्या वर्षाच्या माणसाने काही ठरवू नये.

मग सरळ नवाच पतंग का घेऊ नये? ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला मी अडवणार नाही. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिल्या मोसमात पतंग दिवसातून कितीतरी वेळा तोंडावर आपटतो, वाळूत घासतो, लाटेखाली चिरडतो. तीन-चार वर्षं जुना, नीट जपलेला पतंग हे सगळं तितक्याच समर्थपणे सोसतो आणि त्याची किंमत बहुधा नव्याच्या निम्म्याच्या आसपास आलेली असते, कारण किमतीतली सर्वांत मोठी घसरण पहिल्या दोन वर्षांतच होऊन जाते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याला कोणत्या मापाचा पतंग लागणार हे नवशिक्याला ठाऊकच नसतं. ढोबळ हिशोब असा करतात की वजन किलोत घ्यावं, त्याला २.२ ने गुणावं आणि वाऱ्याच्या नॉटनी भागावं. येईल ते पतंगाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. पुण्या-मुंबईचा ७० किलोचा माणूस मोरजीच्या दुपारच्या समुद्री वाऱ्यात, समजा १३ नॉटला, खेळणार असेल तर उत्तर १२ येतं. तोच माणूस रामेश्वरमला १८ नॉटच्या वाऱ्यात उतरला तर ९ पुरतो. म्हणजे मोरजीचा विचार करून घेतलेला पतंग रामेश्वरमच्या भर वाऱ्यात त्याला झेपणार नाही, आणि रामेश्वरमसाठी घेतलेला मोरजीत त्याला पाण्यावर उभंच करणार नाही. आपण पुढची दोन वर्षं नक्की कुठे जाणार, गाडीने जाता येईल असा गोव्याचा किनारा धरणार की रजा काढून दक्षिणेला उतरणार, हे ठरल्याशिवाय पतंगावर पैसे घालणं म्हणजे पाय न मोजता चपला घेण्यासारखं आहे. तोवर शिकवणाऱ्या संस्थेचा पतंग भाड्याने वापरावा. भाडं जातं तेव्हा वाया गेल्यासारखं वाटतं खरं, पण चुकीच्या मापाचा पतंग विकताना होणारा तोटा त्याहून मोठा असतो.

आता बारकडे वळू. या एका वस्तूवर पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बारच्या मधोमध हार्नेसच्या हुकात अडकणारं एक कडं असतं, त्याला सगळीकडे चिकन लूप म्हणतात, आणि त्याच्यावरच क्विक रिलीज बसवलेला असतो. तो एका हाताने पुढे ढकलला की कडं उघडतं, बार सुसाट वर सरकतो आणि पतंग एकाच दोरीवर लटकून निशाणासारखा फडफडत पाण्यावर पडतो. निदान तसं व्हायला हवं. जुन्या बारमध्ये मीठ आणि वाळू साचून कळ जाम झालेली असते. घरात टेबलावर ठेवून ढकलली तर ती बिनतक्रार उघडते, भार आला की अडते. म्हणून तपासणी भाराखालीच करावी. हार्नेस अंगावर चढवावा, कडं हुकात घालावं, बारच्या दोऱ्या एखाद्या खांबाला बांधून मागे रेलावं, पूर्ण वजन टाकावं आणि मग डोळे मिटून, आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने कळ ढकलावी. एकदाही अडली तर तो बार परत करावा. या कळांसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये आलं. त्यानंतरचा, हे मानक पाळणारा बार मिळाला तर पतंग दोन वर्षं जास्त जुना चालेल. पण बार आणि पतंग एकाच कंपनीचे, एकमेकांसाठीच बनवलेले असावेत हे बरं. काही जुने पतंग पाच दोऱ्यांचे असतात आणि त्यांची सुटका पाचव्या दोरीवरच होते. असा पतंग चार दोऱ्यांच्या बारला जोडला तर तो उडेल, वळेल, सगळं सुरळीत वाटेल आणि नेमक्या गरजेच्या वेळी निशाणासारखा पडणारच नाही. विकणाऱ्याला बहुतेक वेळा हे माहीतही नसतं.

वापरलेला पतंग हातात आला की घाई करू नये. पुढची जाड कडा पंपाने चांगली टणक होईपर्यंत फुगवावी, टिचकी मारल्यावर आवाज यायला हवा. मग पतंग तसाच सावलीत चार-सहा तास ठेवावा, जमलं तर रात्रभर. सकाळी कडा मऊ लागली तर आतला ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, किंवा त्याचा व्हॉल्व्ह गळतो आहे. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे जागा दाखवतात. भोक असेल तर दुरुस्ती सोपी आणि स्वस्त आहे, ते घासाघीस करायला उलट कामी येतं. पण व्हॉल्व्हचा डिंक सगळीकडे सुटत चालला असेल तर पतंग बहुधा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पडून राहिलेला असतो, आणि अशा पतंगाचं बाकीचंही आयुष्य संपत आलेलं असतं. नंतर कापड. मागच्या पातळ कडेजवळ ते दोन्ही अंगठ्यांत धरून ताणावं. चांगलं कापड कुरकुरीत वाजतं आणि ताण सोसतं, उन्हाने खाल्लेलं कापड मऊ, सुती झालेलं असतं आणि जोर दिला की कागदासारखं फाटतं. पतंग आकाशाकडे धरून पाहिला की सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. हातभर लांबीची चीर व्यवस्थित शिवलेली असेल तर चालते, पण पुढच्या कडेची शिवण उसवून पुन्हा मारलेली असेल तर मी तो पतंग घेऊ नका असंच सांगेन. शेवटी दोऱ्या. बार पूर्ण ओढीच्या स्थितीत ठेवून चारही दोऱ्यांची टोकं एका खिळ्याला अडकवावीत आणि मागे सरून ताणाव्यात. मधल्या दोन दोऱ्या तंतोतंत सारख्या हव्यात. बाहेरच्या दोऱ्यांत किंचित फरक असेल तर तो जुळवून घेता येतो. दोरीच्या मध्ये गाठ पडलेली असेल तर मात्र ती दोरी बदलावी, कारण या दोऱ्यांची ताकद गाठीपाशी जवळजवळ निम्म्यावर येते. नवा दोऱ्यांचा संच काही फार महाग नाही.

बोर्डाबाबत हवी तेवढी काटकसर करावी. दोन्ही बाजूंनी चालणारा साधा ट्विन टिप बोर्ड दहा वर्षं जुना असला तरी पाण्यावर तसाच सरकतो. ७० किलोच्या माणसाला १४० सेंटिमीटरच्या आसपासचा घ्यावा. थोडा मोठाच बरा, कारण तो कमी वाऱ्यात लवकर वर येतो आणि वाऱ्याविरुद्ध चढायला मदत करतो. पट्ट्यांचे स्क्रू जिथे बसतात तिथे भेगा नाहीत एवढं पाहावं. हार्नेस मात्र अंगावर घालून, जमिनीवर लटकून पाहूनच घ्यावा. शिकताना पतंग बराच वेळ डोक्यावर असतो, त्यामुळे कमरेचा हार्नेस बरगड्यांत चढतो. मांड्यांभोवती पट्टे असलेला बैठा हार्नेस दिसायला साधा असला तरी नवशिक्याला तोच सोसतो. जलक्रीडेचं हेल्मेट, छातीला मार बसू न देणारं जॅकेट आणि गुंता झाल्यास दोरी कापायला हुकासारखा छोटा चाकू या तीन वस्तू नव्या घ्याव्यात. युरोपातल्या खरेदीच्या यादीत वेटसूटवर मोठा खर्च दाखवलेला असतो. गोव्याच्या आणि रामेश्वरमच्या कोमट पाण्यात लांब बाह्यांचा लायक्रा शर्ट पुरतो, तो खर्च सरळ खोडून टाकावा. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेच्या समुद्रात या खेळाची शर्यत पहिल्यांदा झाली. तिथे पाण्याच्या वर तरंगत धावणारे बोर्ड पाहून अनेकांना तेच हवे झाले असतील, पण ते हायड्रोफॉइल पहिल्या संचासाठी नव्हेत.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: हे सगळं युरोपात ठीक, पण आपल्याकडे वापरलेला माल मिळतो कुठे? बाजार लहान आहे हे खरं. तरी एक वाट आहे. शिकवणाऱ्या संस्था मोसम संपताना आपले पतंग बदलतात आणि जुने विकतात. हे पतंग भरपूर उडालेले असतात, म्हणून वर सांगितलेल्या तपासणीत काहीही सूट देऊ नये, पण त्यांचा एक मोठा फायदा म्हणजे ते किनाऱ्यावर फुगवून, प्रत्यक्ष उडवून, शिक्षकासमोर पाहता येतात. परदेशातून फोटो पाहून मागवलेल्या पतंगाचं असं काही करता येत नाही. तुमचा शिक्षक तुम्हाला पाण्यात पाहत आलेला असतो, तेव्हा मापाबद्दल त्याचं मत कुठल्याही सूत्रापेक्षा खात्रीचं. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाने वापरलेला बार आणि पतंग येताना आणला तर तेही चांगलं, मात्र तपासणी त्यालाच आधी शिकवून ठेवावी लागेल. नाव नसलेले नवे स्वस्त पतंग इंटरनेटवर दिसतात, त्यांच्यापासून मी लांब राहीन. ते आज उडतीलही, पण सहा महिन्यांनी ब्लॅडर फुटला की त्या मापाचा दुसरा मिळत नाही आणि सुटकेच्या कळीची कुणी चाचणी घेतली आहे का, हे कळायला मार्ग नसतो.

आणि धड्यांवरचे पैसे वाचवून ते सामानात घालण्याचा विचार? मित्राकडून किंवा व्हिडिओ पाहून शिकू, असं म्हणणाऱ्यांना धडे महाग वाटतात. पण शिकवणीच्या पहिल्या दहा-बारा तासांत माणूस पतंग आपटण्यापासून वाचवायला, तो पाण्यातून पुन्हा उचलायला आणि दोरी गुंडाळत स्वतःच किनाऱ्यावर यायला शिकतो. हे न येणाऱ्याचा पतंग पहिल्या आठवड्यातच फाटतो, म्हणजे धड्यांचे वाचलेले पैसे दुरुस्तीत जातात. त्यामुळे हातात थोडेच पैसे असतील तर आधी धडे, मग आपल्या मापाचा हार्नेस आणि हेल्मेट घ्यावं. बार आणि पतंग एकत्र पुढच्या मोसमाच्या अखेरीस, बोर्ड त्यानंतर कधीही. पतंग घरी आल्यावर तो समुद्रावरून येताच गोड्या पाण्याने धुवून, सावलीत पूर्ण वाळवून मगच पिशवीत भरावा. कोकणच्या दमट हवेत ओला गुंडाळलेला पतंग पंधरवड्यात बुरशीचे डाग धरतो आणि पुढे विकताना ते डागच आधी दिसतात.