काळा धूर हे इंजिनाच्या ताकदीचे लक्षण नव्हे

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची मळणी आणि वसमत भागातील हळदीचे पॉलिश या दोन्ही कामांसाठी ट्रॅक्टर तासन्‌तास एकाच जागी उभा राहून चालतो. सायलेन्सरमधून काळा लोट निघाला की इंजिन जोरात आहे, असे समाधान मानले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तो धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेले, परंतु पुरते न जळलेले डिझेल होय. आणि तो यंत्राजवळ राबणाऱ्या मजुरांच्या श्वासात जातो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली गेल्याने इतकी तापते की, नोझलमधून तुषाररूपाने आलेले डिझेल आपोआप पेट घेते. एक किलो डिझेल जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात याहून बरीच अधिक द्यावी लागते, कारण दोहोंना मिसळण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. मळणीचा भुसा आणि धूळ एअर फिल्टरमध्ये साचली की हवा घटते, डिझेल मात्र तेवढेच येते आणि उरलेल्याची काजळी होते. म्हणून मळणीच्या दिवसांत फिल्टर रोज पाहणे अगत्याचे आहे. जोर वाढावा म्हणून फ्युएल पंपाचे सील तोडून डिझेल वाढविण्याची चाल तर सर्वांत महागडी. तिने हवा वाढत नाही, वाढतो तो धूर.

विहिरीवरील इंजिनांची तऱ्हा निराळी. तेथे पंपाचे थंड पाणीच इंजिनातून सरळ फिरविले जाते. इंजिन जितके थंड तितके उत्तम, हा समज फार दृढ आहे. तथापि थंड सिलिंडरमध्ये ज्वलन अपुरे राहते, डिझेल अधिक लागते व भाग लवकर झिजतात. बाहेर पडणारे पाणी चांगले गरम, सुमारे ६० अंश सेल्सिअस, असावे. पाण्याचा कॉक थोडा बंद केला तरी हे साधते.

येथे एक गुंताही ध्यानात घेतला पाहिजे. ज्वलन जेवढे उष्ण, तेवढे डिझेलचे चीज होते. परंतु त्याच उष्णतेत हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने घातक वायू तयार होतात. डिझेल किंचित उशिरा सोडल्यास ते कमी होतात, पण काजळी आणि खर्च वाढतो. हा तिढा पान्याने सुटणारा नव्हे. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक उत्सर्जन मानके लागू झाली. ती पाळण्यासाठी डिझेल सोडण्याची वेळ व मात्रा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली आणावी लागली. जुन्या ट्रॅक्टरांत मात्र सारी भिस्त यांत्रिक पंप, स्वच्छ नोझल आणि चालकाची नजर यांवरच असते.

या नजरेला धुराचे इतर रंगही कळावेत. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर येणे स्वाभाविक होय. इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर डिझेल सोडण्याची वेळ चुकली आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी झिरपत आहे, असे समजून इंजिन मिस्त्रीला दाखवावे.